पालथ्या बादलीवरून

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (अंगावर मांस नसल्यामुळे तो घालायला फारसे कष्ट पडले नाहीत, असं ताई म्हणणारच, म्हणून मीच म्हणून टाकतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून त्यांची समजूत काढावी लागते का? मामींना तुमच्या घोरण्याची सवय झाली की त्या अजून बाहेरच्या खोलीत झोपतात? आम्ही दोघं बहीणभाऊ इकडे मजेत आहोत, असं लिहिणार होतो. पण ताईचं पत्र तुमच्या हातात आधीच पडलंय हे मला ठाऊक आहे, तेव्हा थापा कशाला मारू?

तिनं लिहिलं असेल की मी पोटभर जेवतो आणि लगेच बाथरूममध्ये जाऊन सगळं ओकून टाकतो. हा मनाचा आजार असतो, माणूस तो लपवतो, आणि त्याला रागावून चालत नाही, असंही लिहिलं असेल. (हे तिनं कुठंतरी वाचल्यापासून ती माझ्याशी इतक्या गोड आवाजात बोलते की मला खरंच घास गिळवत नाही.) मामा, मी ओकत नाही. खाल्लेलं सगळं माझ्या पोटात सुखानं नांदतंय. अंगी लागत नाही, हा दोष तुमच्या घराण्याचा आहे. स्वतःचा लग्नातला फोटो काढून बघा, सूट चालत निघालाय असं वाटतं.

ताईचंही चुकत नाही म्हणा. मी बकाबका जेवतो, हात धुतो न धुतो तोच आत जाऊन कडी लावतो, आतून गुदमरल्यासारखे आवाज येतात, मग नळ सोडतो आणि लाल डोळ्यांनी बाहेर येतो. त्यातून आईचं आठवतं तिला. शेवटच्या वर्षी आई रोज ‘पोट भरलं गं’ म्हणत ताटावरून उठायची आणि आम्ही सगळे ते खरं मानत होतो. तेव्हापासून ताई दुसऱ्याचं ताट आपल्या ताटाआधी बघते. म्हणून तर मला तिच्यावर धड चिडताही येत नाही.

आता खरं काय ते सांगतो. हसायचं नाही.

आमच्या बाथरूममध्ये पाइप छतात शिरतो तिथं मुठीएवढं भोक आहे. वरच्या मजल्यावर एक बसचालक राहतो. आम्ही जेवायला बसतो त्या सुमारास तो आपल्या छोटीला निजवत असतो आणि निजवताना गोष्ट सांगतो. भोकाखाली बादली पालथी घालून बसलं की शब्दन् शब्द ऐकू येतो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून माझे डोळे धुरकटलेले असतात, ते मिटून घेतो. मग वरून तो जाडाभरडा आवाज गळायला लागतो आणि बाथरूमच्या भिंती हळूहळू लांब लांब जातात. गोष्ट एका बसची आहे. शेवटचा माणूस उतरला की ती एकटीच समुद्र शोधायला निघते. एक दिवा मंद, चाकांचा आवाज नाही. झोपलेल्या पुलाला रस्ता विचारते, बंद दुकानांच्या काचांत स्वतःला बघून लाजते, आणि पुलही झोपेतच तिला म्हणतो, अजून थोडं पुढं. मामा, मी चाळिशीचा बाप्या, पण त्या पुलापाशी मला रडू आलं. वर ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबला. गुदमरल्याचा आवाज तो.

ताईला सांगायचं धाडस होईना. त्या भोकातून झुरळं येतात म्हणून ते बुजवायचं तिनं कधीचं मनात घेतलंय. मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर आणि बस अर्ध्या रस्त्यात कायमची बंद. म्हणून तिनं डॉक्टरकडे नेलं तेव्हाही गप्प राहिलो. डॉक्टरांनी वजन केलं, ते थोडं वाढलेलं निघालं. ताईला वाटलं, मी खिशात काहीतरी जड ठेवलंय. तिनं भर दवाखान्यात माझे खिसे उलटे केले. चष्म्याचे स्क्रू निघाले.

शेवटी परवा तिनं दाराला खांद्यानं धक्काच दिला. कडी निखळली. समोर मी, बादलीवर, तोंडात टॉवेल. ती किंचाळणार, तेवढ्यात वरून आवाज आला, ‘आणि मग बसला वाऱ्यात मिठाचा वास आला...’ ताई तशीच थबकली. मग कान वर करून म्हणाली, ‘सरक.’

तेव्हा माझी काळजी करू नये. मामींना नमस्कार.

तुमचा,
काडीपैलवान

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि तेवढ्यात घोळ झाला. बसचालकाची पाळी बदलली. आता तो संध्याकाळीच कामावर जातो, आणि बस तिकडे वाळूवर समुद्रासमोर उभी आहे ती उभीच. काल छोटी वर मुसमुसत होती. तर आपली ताई, जिनं जन्मात मला एक गोष्ट सांगितली नाही, ती बादलीवर उभी राहिली आणि भोकाला तोंड लावून म्हणाली, ‘रडू नको, बस तिथंच आहे.’ वरून विचारणा झाली, ‘तू कोण?’ ताई म्हणाली, ‘मी पाइपातली.’ छोटीला ते लगेच पटलं.

ता. क. २. खरं काम असं आहे. बसनं आता काय करावं, यावरून आमचं वाजलंय. मी म्हणतो, पाण्यात शिरावं. ताई म्हणते, सकाळी लोक थांब्यावर उभे राहतील, तिनं परत यायलाच हवं. तुमचा जन्म जहाजाच्या इंजिनापाशी गेला. बस पाण्यात गेली तर किती वेळ तरंगेल, आणि उजाडायच्या आत परतेल का, हे उलटटपाली कळवा. येणार असाल तर वजनकाटा आणू नका.

ता. क. ३. आज ताई अर्धं ताट टाकून उठली. म्हणाली, ‘पोट भरलं रे.’ आणि आत गेली. कडी नाही, तरी मी बाहेरच उभा आहे आणि हे भिंतीला कागद टेकून लिहितोय. आतून हुंदके येताहेत, अडलेल्या गोष्टीमुळेच असतील. दाराबाहेर उभं राहणं किती अवघड असतं, ते आज कळलं. तिचं ताट मी झाकून ठेवलंय. ती बाहेर आली की समोर बसून जेवायला लावणार आहे.