मशिनींच्या आवाजातला विलाप

प्रिय आईला सायकालचा सलाम.

बाबा गेल्याचं शनिवारी कळलं. माझी काळजी करू नकोस. मॉस्कोजवळच्या या शिवणखान्यात ऊब आहे, दोन वेळ जेवण मिळतं. दाराला बाहेरून कुलूप असतं, त्यामुळे चोरांची भीती नाही. पासपोर्ट मालकाकडे आहे. मी मागितला, तर म्हणाला, "हंगाम संपू दे."

अंगणात दुखवट्याचा तंबू उभारला होता ना? त्यात भिंतीकडे तोंड करून बाबांसाठी विलाप म्हणणं माझं, थोरल्या लेकीचं काम होतं. इथे मालकाला रडण्याचा आवाज चालत नाही. पण माझ्याबरोबर शिवणारी, आपल्या नारिन भागातली बुरुलताई म्हणाली, "मुकी बसलीस तर बापाला काय वाटेल गं? म्हण मोठ्यानं, आम्ही आहोत." सगळ्याजणींनी कापड न लावताच मशिनी चालवल्या. मी भिंतीकडे वळले आणि बाबांना हाका मारून रडले.

मालक डोकावून म्हणाला, "वा, आज कामाला जोर आहे!"

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांच्या चाळिसाव्या दिवसाला माझी वाट पाहू नकोस. विलाप धाकट्या अनाराला म्हणू दे. शब्द सुचले नाहीत, तर बाबांनी तिला घोड्यावर बसायला कसं शिकवलं, तेच सांगू दे.

लोकांनी विचारलं, तर सायकालला रजा मिळाली नाही, एवढंच सांग.

तुझीच,
सायकाल