कादंबरीतल्या तीन चुका

भाऊ, तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी मी एक रहस्य कादंबरी लिहिली आणि ती तुमच्या पतपेढीवर आहे. तुम्ही असतात तर लेकीला ती लिहूच दिली नसतीत. गावाचं नाव मी बदललं, पण त्याने रत्नागिरीत कोणी फसलं नाही. पुस्तक येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत जो तो विचारायला लागला, आपण कुठल्या पानावर आहोत? जे पतपेढीची पायरीही चढले नव्हते, तेसुद्धा आता बुडालेले ठेवीदार झालेत.

कातळावरचा प्रसंग मी तुम्ही सांगायचात तसाच घेतलाय. शिमग्याच्या तोंडावर अध्यक्ष ठेवी घेऊन पसार झालेले, आंबाबागांच्या नावावर भलभलती कर्जं उचललेली, आणि मे महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांना बाग दाखवायला रोखपाल म्हणून तुम्ही निघालात. दोघांत एक छत्री, तीही साहेबांच्या डोक्यावर. कागदावर आंब्याची चारशे कलमं. समोर उघडा कातळ आणि त्यावर एक म्हैस. साहेब विचारतात, "बाग कुठाय?" तुम्ही कागद बघता, कातळ बघता आणि म्हणता, "साहेब, आपण बागेच्या मधोमध उभे आहोत." म्हशीसकट पंचनामा झाला. हे सांगताना तुम्ही हसायचात, पण घरी त्या दिवसांत हसण्यासारखं फार नव्हतं.

कारण लोक आपल्या घरी यायचे. बाकीचे ओरडून जायचे, मासेवाली मावशी मात्र बसायची. रोज अकराला पाटी रिकामी करून यायची आणि ओटीवर टेकायची. भांडण नाही, रडणं नाही. आदल्या वर्षी गणपती झाल्यावर लेकीच्या लग्नाचे पैसे तिने तुमच्याकडे ठेवलेले. पहिल्या दिवशी आईने तिला चहा दिला, आठवड्याने जेवायला वाढलं, आणि त्यानंतर मावशी म्हणायला लागली, "वहिनी, बांगड्याला तिरफळं कमी पडली हां." पुढे बांगडे तीच आणायची, साफही तीच करायची, आणि आईला स्वतःच्याच स्वयंपाकघरात कांदा कापायचं काम उरलं.

एकदा मी कॉलेजातून आले नि तिला म्हटलं, "मावशी, पैसे भाऊंनी थोडेच खाल्लेत? अध्यक्षांना शोधा."

"त्या चेरमनला मी वलखत नाय गो," ती म्हणाली. "मी पैसे ह्यांच्या हातात दिले."

तुम्ही मला आत बोलावलंत. "पावतीवर सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग गप्प बस."

आयुष्यात तुम्ही मला रागावलात ते तेवढंच. लुना विकलीत, लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायला लागलात आणि चार वर्षांत तिची पै न पै दिलीत. पण नवऱ्याकडचे चार वर्षं थोडेच थांबणार? लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. ते कळलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, केवढा हा भला माणूस, दुसऱ्याच्या पापाचं किती लावून घेतो. तसाच रोखपाल मी कादंबरीत लिहिला. घोटाळा त्याला शेवटच्या प्रकरणात कळतो आणि तो कोसळतो. वाचक तिथे रडतात म्हणे.

गेल्या महिन्यात वाचनालयात पुस्तकावर कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत काठी टेकवून कोण बसलेलं? अध्यक्ष! तुरुंग भोगून आलेले, ऐंशीच्या पुढचे, कडक इस्त्रीत. प्रश्नोत्तरं सुरू झाली नि यांचा हात वर.

"पुस्तकात तीन चुका आहेत. काय गो, मला टक्कल कशाला दाखवलंस? हे केस कोणाचे?" सभागृह हसलं. "दुसरं, बुलेट. माझी स्कूटर होती. बुलेटवरून हिंडलो असतो तर पहिल्याच वर्षी नसतो का सापडलो?" टाळ्या पडल्या, भाऊ. पैसे बुडालेल्यांनीसुद्धा वाजवल्या.

तिसरी चूक त्यांनी बाहेर, पायऱ्यांवर चपला शोधताना सांगितली. "तुझ्या बापाला मी पळायच्या आठ महिने आधीच कळलं होतं. आला माझ्याकडे. म्हणाला, दिवाळीपर्यंत पैसे जागेवर ठेवा, मी कुठे बोलत नाही. मी हो म्हटलं."

"मग?"

"मग काय? दिवाळी आली नि गेली."

त्यांना चपला सापडल्या, ते गेले. मी तिथेच बोटं मोजत उभी. शिमग्याच्या आधी आठ महिने म्हणजे आषाढ. मावशीने पैसे ठेवले ते गणपतीनंतर. म्हणजे सगळं माहीत असताना तुम्ही ते मोजून घेतलेत, पावती फाडलीत आणि बहुधा तिला सांभाळून जा असंही म्हणालात. रागावायला मी पुष्कळ बघितलं, पण दरवेळी तुम्ही वखारीतून चालत येताना दिसता, आणि मग जमत नाही.

हे आईला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. दुसरी आवृत्ती निघतेय, प्रकाशकाने दुरुस्त्या मागवल्या. अध्यक्षांना मी केस दिले, स्कूटर दिली. रोखपालाचं प्रकरण दोन दिवस समोर घेऊन बसले आणि मिटून ठेवलं. त्याला अजून शेवटीच कळतं. प्रकाशकाला सांगितलं, चुका दोनच होत्या.