अडीचची वायर

३ जून
आज स्वयंपाकघरात नवं वायरिंग. मी वायरमनला ऐटीत सांगितलं — अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची, वायर पुरे! तो तोंडावर हसला. "ताई, तुमचा वायरच्या जाडीचा तक्ता जुना. नियमावली बदलून चार वर्षं झाली. आता इथे जाड, चारची लागते."
कॉलेजात मी नेमकं हेच शिकवते! नवी नियमावली काढून पाहिली. त्याचंच खरं.

४ जून
घास उतरला नाही. चार बॅचना चुकीचा तक्ता दिला. बारीक वायर, जास्त भार — तापते, पेटते. माझी पोरं आता खरे आराखडे काढतात, कारखान्यांचे, इस्पितळांचे.
विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, निकाल लागले, मुलं गेली. कशाला उकरून काढता?"
कशाला म्हणजे!

५ जून
चार बॅचच्या मुलांचे मिळून एकशे बारा फोन नंबर. फोन हातात धरून नुसती बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "लाव गं. खाणार आहेत का तुला?"
पहिला फोन कारखान्यात लागलेल्या मुलीला. चाचरत सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. "अहो मॅडम, नवा तक्ता मी पहिल्याच आठवड्यात शोधला. तुम्हीच तर घोकून घ्यायचात — कामाला हात लावण्याआधी नियमावलीची तारीख बघा!"
घ्यायचे खरी. स्वतः कधी पाहिली नाही.
फोन ठेवून रडले. मग भूक लागली — कडकडून!

८ जून
चाळीस झाले. बहुतेकांनी आपणहून तपासलंय. एक तर मलाच समजावायला लागला, अगदी माझ्याच सुरात. ऐकून घेतलं. बरं वाटलं.

१० जून
इस्पितळाचं काम करणाऱ्या मुलाने मला मध्येच थांबवलं. "मॅडम, मी जुनाच वापरलाय." भिंतीत वायर गेली का, मी ओरडूनच विचारलं.
"नाही, वायर अजून ओढलेली नाही. आजच बदलतो."
सुटले!

१३ जून
एकशे अकरा झाले. आणखी तिघांचं चुकलं होतं, पण त्यांच्या साहेबांनी वेळीच धरलं. कुणाच्याही भिंतीत बारीक वायर गेलेली नाही. दुपारी गाढ झोपले. सासूबाईंनी हलवून उठवलं.

१४ जून
शेवटची मुलगी, अबोल, आज फोनवर सापडली. म्हणाली, "मॅडम, तक्ता जुना आहे हे मला तेव्हा वर्गातच कळलं होतं. मी हातही वर केला होता. तुम्ही म्हणालात — आधी मुकाट्याने उतरवून घे."