कोपराचे दोन दशांश

लालबाग, मुंबई
९ नोव्हेंबर २००१

चि. वेदिकास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि फोटोंचं पाकीट पोचलं. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्पर्धेत मुलींना पुरलेल्या मल्लखांबावर उतरवायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. एरवी मुलगी आली की लोक तिच्या हातात दोरी देऊन मोकळे होतात. पंच म्हणून मला बोलावणं आलं आहे. गोदीतून निवृत्त झाल्यापासून मला वेळच वेळ आहे, म्हणून होकार कळवून टाकला.

आता फोटोंबद्दल. नऊच्या नऊ मी भिंगाखाली घालून बघितले. पहिल्यात तेढी घेताना, उलटं होऊन पायांनी खांब पकडताना, मुलीचा गुडघा सुटला आहे. दुसऱ्यात सलामी देताना मान डावीकडे गेली आहे. तिसऱ्यात खांब आरशासारखा चकाकतो. एरंडेल चोळायचं असतं, ओतायचं नसतं. चौथ्यात पाठीला पोक, पाचव्यात हनुवटी वर. सहाव्यातली मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे, तिला कोणी सांगितलं हसायला? सातव्यात जी खांबाच्या टोकाच्या बोंडावर उभी आहे, तिचा डावा हात कोपरात वाकला आहे. आठव्यात बोटं. नववा फोटो तुझा स्वतःचाच दिसतो. त्याविषयी भेटल्यावर बोलू.

तुझ्या मामीची तब्येत ठीक. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
हरिश्चंद्रमामा


मिरजोळे, रत्नागिरी
२० नोव्हेंबर २००१

ती. मामांस,
वेदिकाचा सा. न. वि. वि.

मामा, फोटो पाठवले की लोक निदान एकदा 'छान' म्हणतात. मग काय ते दोष काढतात. तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं तर ती हसत सुटली. म्हणाली, दादाने माझ्या लग्नात अंतरपाट एका बाजूला चार बोटं खाली आहे म्हणून भटजींना थांबवलं होतं. तिला हसू येतं, मला येत नाही. आठव्या फोटोपुढे तुम्ही नुसतं 'बोटं' लिहिलंत. बोटं काय? हाताची की पायाची? दोन दिवस माझ्या मुली सराव सोडून एकमेकींची बोटं तपासत बसल्या होत्या.

सातव्या फोटोतली मुलगी म्हणजे चिमा. तेरा वर्षांची आहे, रोज पालीहून एस.टी.ने येते. वडील भागोजी चिऱ्याच्या खाणीवर कामाला आहेत. सहा वर्षांची असताना ती काजूवरून पडली, हात मोडला, आणि गावातल्याच कुणीतरी बांधला तो तसाच जुळून आला. कोपर पूर्ण उघडत नाही. उघडणार नाही असं डॉक्टरांनीही सांगितलं आहे. तेव्हा कृपा करून ते एक सोडून द्या. मी तिला त्याबद्दल कधी चकार शब्द बोलत नाही.

दुसरे दोन पंच, महिपतराव आणि काशीराम सर, आधीच म्हणालेत की मुली खांबावर चढतायत हेच पुष्कळ, सगळ्यांना सढळ हाताने गुण देऊ. पहिल्या तिघी मे महिन्यात पुण्याच्या शिबिराला जाणार आहेत. चिमा त्यात असावी असं मला फार वाटतं. तुमच्यापुढे हात जोडते, थोडे सढळ व्हा.

तुमच्या बोलण्याला कंटाळलेली, पण तुमचीच,
वेदिका


लालबाग
३ डिसेंबर २००१

चि. वेदिकास,
अ. उ. आ.

गुण द्यायला येतो आहे, वाटायला नव्हे. मला घ्यायला स्टँडवर येऊ नये. पंचाने स्पर्धकांच्या शिक्षिकेबरोबर गावात हिंडणं बरं दिसत नाही. मी लॉजवर उतरेन. तुझ्या आईला समजावून सांग, माझं ती ऐकणार नाही.

बोटं पायाची. विस्कटली होती.

मामा


मिरजोळे
१५ जानेवारी २००२

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे 'सा. न.' आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे.

तुम्ही बक्षीस समारंभ संपताच गाडी पकडलीत, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. चिमा चौथी आली. तिघा पंचांच्या गुणांची बेरीज केली तर तिसरीत आणि तिच्यात एका दशांशाचा फरक. तुमच्या गुणपत्रिकेवर तुमच्या त्या टाइपासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'डावे कोपर, वजा दोन दशांश'. मंडळाने सगळ्या पत्रिका फळ्यावर लावल्या. भागोजींना वाचता येतं. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मला एवढंच म्हणाले की पोरीचा हात वाकडा आहे हे आम्हाला घरी ठाऊक होतं, ते कागदावर लिहून चौकात कशाला लावलंत. चिमाला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला येत नाही. मी पालीला जाऊन आले, दारातूनच परत पाठवलं.

दोन दशांश, मामा. मी तुम्हाला आधी सगळं सांगितलं होतं. मुलीने पाच वर्षं तो हात ओढणीत लपवला आणि माझ्याकडे आल्यावर पहिल्यांदा सगळ्यांदेखत बाजूला पसरला. तिथे तुम्हाला कोन मोजायचा होता. महिपतराव आणि काशीराम सर आंधळे आहेत का? त्यांनाही दिसलंच असेल. पण त्यांनी सोडून दिलं.

काही दिवस मला पत्र पाठवू नका.

वेदिका


लालबाग
२४ जानेवारी २००२

चि. वेदिकास,
अ. उ. आ.

तू नको म्हणालीस तरी एवढं एकच लिहितो.

कोपर वाकलं होतं. का वाकलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि लिहिताना माझी पेन्सिल थांबली होती, हेही तुला सांगतो. पण त्याकडे काणाडोळा केला असता तर बाकीच्या कामाकडे तरी नीट कशाला बघायचं? तिचं मयूरासन दोन दिवसांतलं सगळ्यात उत्तम होतं. त्याला मी इतर कोणाहीपेक्षा जास्त गुण दिले आहेत. तेही त्याच कागदावर होतं. तू ते वाचलं नाहीस, भागोजींनीही नाही.

पत्रिका फळ्यावर लावतील हे मला माहीत नव्हतं. ते वाईट झालं. पोरगी घरी बसली हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तुझी मामी माझ्याशी बोलत नाही.

मामा


पाली
१० फेब्रुवारी २००२

हरिश्चंद्र मामांना,
चिमाचा नमस्कार.

मी चौथी आलेली. तुमचा पत्ता मंडळाच्या छापील पत्रिकेवर होता. ताईंना विचारलेलं नाही.

मी सध्या घरीच असते. सगळे मला छान केलंस म्हणाले. लोक नेहमीच छान म्हणतात. माझा हात दिसला की दुसरीकडे बघतात आणि छान म्हणतात. ताईपण तसंच करतात, त्यांना वाटतं मला कळत नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हा मला रडू आलं. नंतर वाटलं, ह्यांनी हात बघितला म्हणजे बाकीचंपण नक्की बघितलं असणार.

तर माझ्या बाकीच्या चुका काय होत्या ते कळवा. बाबा परत पाठवणार नाहीत, पण मला माहीत तरी असू दे.

आपली,
चिमा भागोजी


लालबाग
१८ फेब्रुवारी २००२

चि. चिमास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या एकूण बारा चुका झाल्या. माझ्या वहीत आहेत त्या क्रमाने सगळ्या सोबतच्या कागदावर उतरवल्या आहेत. मोठ्या तेवढ्या इथे सांगतो. उडी घेण्याआधी तू खांबाकडे न बघता लोकांकडे बघतेस. बगलीत, खांब काखेत पकडताना, श्वास कोंडून धरतेस, म्हणून पुढची पकड घाईत होते. उतरताना टाचा आधी टेकतात, चवडे टेकायला हवेत. ह्या तिन्ही दोन महिन्यांत जाणाऱ्या आहेत.

कोपर हे बारातलं एक. ते जाणार नाही. पण नियम नीट वाच. बोंडावर हात पसरायचे ठरवलेस तर दोन्ही सारखे पसरले पाहिजेत. एक सरळ आणि एक वाकलेला, ही चूक. तिथे नमस्कार केलास तर दोन्ही कोपरं वाकतात आणि कोणत्याही पंचाला काही कापता येत नाही, मलासुद्धा. मयूरासनात तर कोपर वाकावंच लागतं. ते तुझ्याइतकं स्थिर मी बऱ्याच वर्षांत बघितलेलं नाही.

फळ्यावर कागद लागला त्याबद्दल तुझ्या वडिलांची माफी मागतो. हे पत्र त्यांना दाखव.

हरिश्चंद्रमामा


मिरजोळे
२० मार्च २००२

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल भागोजी चिमाला घेऊन मैदानात आले. तुमचा बारा चुकांचा कागद शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला होता. मला वाटलं आता पुन्हा बोलणी खावी लागणार. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "माज्या पोरीकडं इतक्या बारीक नजरेन् आजून कुनी बगितलान नाय." मग मला विचारलं, बाराव्या चुकीत 'मान' लिहिलंय ती पोरीची की खांबाची. मी सांगितलं, खांबाची, बोंडाखालच्या भागाला मान म्हणतात. ते समाधानाने खाणीवर गेले.

मी तुमच्यावर अजून रागावलेलीच आहे. एवढं सगळं मला न सांगता परस्पर! पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला. नमस्काराची गोष्ट मला दोन वर्षांत सुचली नाही, कारण त्या कोपराकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला वाटायचं हीच माया.

तुमची,
वेदिका


लालबाग
११ नोव्हेंबर २००२

चि. वेदिकास,
अ. उ. आ.

मंडळाचं यंदाचं पंच म्हणून बोलावणं आलं. मी नकार कळवला आहे. चिमाला मी गेल्या आठ महिन्यांत सोळा पत्रं लिहिली. जिला शिकवलं तिला गुण देणं बरोबर नाही. शिवाय मला एकदा तिचं काम कागद-पेन्सिल बाजूला ठेवून, मामा म्हणून निवांत बघायचं आहे. चूक दिसली तर दिसली. ह्या वयात माणसाने थोडं सोडून द्यायला शिकावं, असं तुझी मामीही म्हणते.

मामा


मिरजोळे
२२ नोव्हेंबर २००२

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते तुम्ही अखेर लिहिलंत. मी ते मैदानात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुलींनी उड्या मारल्या. पंच म्हणून येत नाही हे योग्यच केलंत, दुसरे पंच मिळाले आहेत.

चिमा तेवढी हसली नाही. खांबाला तेल चोळत होती, ते थांबवून तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "निवांत बघणार? मग मोजणार कोण?"

तेव्हा पंचांच्या टेबलापासून लांब बसा, पण पहिल्या रांगेत बसा आणि वही आणा. मला काही सांगायचं नाही, आता हे तुम्ही दोघं आपसात बघा.

तुम्हां दोघांच्या मधे सापडलेल्या भाचीवर माया राहू द्या.

वेदिका