तिसरं तोंड

२ फेब्रुवारी
पोचलो एकदाचा मोचे गावी. आमच्या मोरोपे गावात कुंभार उदंड आणि गिऱ्हाईक कमी. इथे असाबाचे नावाच्या मास्तरांनी माझं पत्र मिळताच कामावर घेतलं. ते मुंडकी घडवतात, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याची हुबेहूब मडकी, वर तोटी. दीड हजार वर्षांपूर्वी याच मातीत लोक असली मडकी करायचे. मास्तरांची बहीण हसिंताबाई स्वयंपाक बघते. तिनं माशाचं कालवण आणि चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, वाढली आणि म्हणाली, पोटभर घे, गावात तुला दुसरं कोणी विचारणार नाही. मी हसलो.

५ फेब्रुवारी
खरंच कोणी विचारत नाही. दुकानात रामराम केला तर पाठ फिरवतात. एक म्हातारी माझ्या कपाळावरचा व्रण निरखून शेजारणीला म्हणाली, यंदाचा बरा मिळालाय. भट्टीमागच्या फळीवर अकरा चेहऱ्यांच्या जोड्या आहेत. एकात पागोटं आणि कर्णफुलं, दुसऱ्यात तोच माणूस, कान भुंडे. मास्तर म्हणाले, पूर्वी लढाईत हरलेल्याची कर्णफुलं काढून घेत. हे अकरा कोण, विचारलं. जुने कारागीर, म्हणाले.

९ फेब्रुवारी
मास्तरांनी माझं मुंडकं केलं. पागोटं, कर्णफुलं, कपाळावरचा व्रणसुद्धा. एवढा रुबाब मला कुणी कधी दिला नव्हता. आईला दाखवायला हवं.

१७ फेब्रुवारी
पाच दिवस पाऊस. या वाळवंटात पाऊस म्हणजे सत्यानाश, कच्च्या विटांची घरं विरघळताहेत. बाजारात मला बघून लोक थुंकले. एक जण म्हणाला, तुझ्या मास्तरला सांग हात चालव, आमचे संसार वाहून चाललेत. परत आलो तर फळीवर माझं दुसरं मडकं. कान भुंडे, डावा फाटलेला. माझे दोन्ही कान धड आहेत.

१८ फेब्रुवारी
भरदुपारी शेजाऱ्याच्या कुत्र्यानं डावा कान फाडला. शेजारी दारातच उभा होता. कुत्र्याला हाक मारली नाही त्यानं.

२१ फेब्रुवारी
पूल वाहून गेला. पळायला वाट नाही. मला भीती वाटते आहे, फार.
सकाळी पाटावर तिसरं. कच्चं, ओलं. गळ्यात दोर. उचललं आणि आपटलं. बिघडलेलं मडकं कुंभारानं स्वतः फोडावं, बापानं हेच शिकवलंय. दोराशीच मान तुटली.
मास्तर रागावले नाहीत. हसिंताबाई तुकडे गोळा करत म्हणाली, शहाणं बाळ ते. आम्हाला फोडून चालत नाही रे, ज्याचं तोंड त्यानंच फोडावं लागतं. म्हणून तर फळीवर दोन-दोनच.
पाऊस थांबला.

२२ फेब्रुवारी
ऊन. अंगणात अख्खा गाव. पहिल्यांदाच हसताहेत माझ्याकडे बघून —
गळ्याभोवती चीर. मडक्याला उन्हात पडते तशी. रक्त नाही. बोट लावलं की माती —
मान ताठ ठेवून लिहितोय. वाकलो तर —
आई, कर्णफुलांचं मुंडकं तेवढं घरी ने —
हसिंताबाई ताट घेऊन आलीय. म्हणतेय, खाली बघ बाळा, काय वाढलंय ते तरी ब