फाटक फोटोत नको

२ डिसेंबर, नागाव
पोचले एकदाची! उरणहून निघताना आई अशी रडली, जणू मी सासरीच चालले. दहा दिवसांचं तर काम. नारळ-सुपारीची वाडी, आत चार खोल्यांचं होमस्टे. मालक अजेयसर पुण्यात असतात. त्यांनी फोन दिलाय, त्यात फोटो सजवायचं ॲप आहे. रोज वाडीत माझा सेल्फी काढून होमस्टेच्या अकाउंटवर टाकायचा. लोक खोल्या बघून येत नाहीत, हसरा चेहरा बघून येतात, असं त्यांचं म्हणणं. आधीची मुलगी न सांगताच निघून गेली म्हणे. वेडीच! स्वयंपाकाच्या वेणूबाईंनी आल्या आल्या कोळंबीभात वाढला. चौदाला मितेशदादाची हळद. करवली मीच, त्याआधी घरी पोचायलाच हवं.

५ डिसेंबर
नऊशे लाइक्स! फोटोतला भुवईवरचा व्रण ॲपमध्ये बोटाने घासून पुसला. सातवीत मिठागरात फावडं लागलं होतं, आईने हळद दाबून धरली होती. कॉलेजात सगळे मला कटभुवई म्हणायचे. आता म्हणा! दहा वेळा स्वतःलाच बघत बसले. थोडी लाजही वाटली.

७ डिसेंबर
फोटोत मागे फाटक येत होतं, त्यावर वेणूबाईंचं लुगडं वाळत घातलेलं. वाडीत एकांत वाटला पाहिजे, असं सरांनी बजावलंय. मग अख्खं फाटकच पुसलं. ॲपने तिथे काटेरी कुंपण भरून दिलं, हिरवंगार.

९ डिसेंबर
तोंड धुताना आरशात बघितलं. व्रण नाही. हात लावून बघितला, खरंच नाही. बाहेर आले, तर फाटकही नाही. चारी बाजूंनी फिरले, नुसतं कुंपण. वेणूबाई म्हणाल्या, फाटक हाय तिथंच हाय, डोळे तपासून घे. आणि सरळ कुंपणातून घरी निघून गेल्या. मी मागे धावले. दोन्ही हात सोलवटले.

१२ डिसेंबर
फोटो डिलीट केले, काही फरक नाही. मूळ फोटो ॲपने ठेवलेच नाहीत. आईला व्हिडिओ कॉल केला. तिने खूप वेळ निरखून बघितलं.
"ही कोन पोर? माझ्या जागृतीला दे फोन."
मी रडायला लागले, तशी ती म्हणाली, भुवईवरची खूण दाखव. काय दाखवू? तिने फोन ठेवला.

१४ डिसेंबर
आज हळद. शिडी लावली, तर जेवढी चढले तेवढं कुंपण वर— ॲपमध्ये फाटक परत काढता येत नाही. फक्त पुसता येतं. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, फोटो येत नसतील तर दुसरी पाठवतो.

१५ डिसेंबर
आली. राही नाव. कुंपणातूनच आत आली, तिला फाटक आहे. हाका मारल्या— कानात इअरफोन. समोर उभी राहिले, तर माझ्या आरपार बघते. सेल्फी काढताना तिच्या मागे जाऊन हात हलवले. फोनमध्ये दिसले! आईशप्पथ, दिसले. आता झोपाळ्यावर बसून फोटो नीट करतेय. मी शेजारीच, पायरीवर.
"मागे कोण कडमडलंय हे," स्वतःशीच म्हणाली.
बोट घासतेय. पाय— माझे पाय कुठे— राही, थांब, अगं मला दादाच्या