साठ किलो सफरचंदं आणि सोलायचं मशीन

३ ऑक्टोबर
हिला हॉटेलकडून जॅमची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. साठ किलो सफरचंदं, माल नऊ तारखेला पोचवायचा. ही आणि सासूबाई सुरीने सोलत बसणार होत्या. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये फोरमन होतो, घरात असला मागासलेपणा कसा चालेल? मशीन आणलं. हँडल फिरवा, साल निघते, बिया निघतात, चकत्या पडतात. सोबतचं माहितीपत्रक टाकून दिलं. ते नवशिक्यांसाठी असतं.

४ ऑक्टोबर, सकाळी ९
मशीन ओट्याला आवळलं. ओट्याचा टवका उडाला. ओटाच कच्चा.

९.२०
पहिलं सफरचंद काट्यांवर खोचून जोरात फिरवलं. सुटलं ते थेट सासूबाईंच्या चष्म्यावर. डावी काच गेली. म्हणाल्या, जावईबापू, जरा हळू. मशीनमधलं त्यांना काय कळतंय.

दुपारी
अठ्ठावीस सफरचंदांचा चेंदामेंदा. छतालाही गर. पातं बोथट असणार.

५ ऑक्टोबर
पात्याला धार लावली. आता मशीनला माझा धाक बसलाय.

संध्याकाळी
मेहुणा आला. हँडल सैल धरा म्हणाला. बँकेत शिक्के मारणारा मला शिकवतो! त्याने हँडल धरलं, मी हिसकलं, ते त्याच्या तोंडावर बसलं. पुढचा दात पडला. त्याने माझ्या कानफटात दिली, मी त्याच्या डोक्यात रिकामं खोकं घातलं. दोघांचे शर्ट फाटले. शेवटी सासूबाईंनी आमच्यावर बादली ओतली. दात काही सापडला नाही. शेजारी दोघींनी हाताने सोललेल्या सफरचंदांच्या जॅमचं पातेलं उघडंच होतं. हिने वीस किलोंचा जॅम मोरीत ओतला.

६ ऑक्टोबर
ही बोलत नाही. कामाचा ताण. मशीनला हात लावायचा नाही, असा सासूबाईंमार्फत निरोप आला. माझी काळजी, दुसरं काय. म्हणून ही बाजारात नवी सफरचंदं आणायला गेल्यावरच हात लावला. सफरचंद अडकलं. हातोडी घातली. हलेना. मग उजव्या हाताच्या बोटाने ढकललं आणि डाव्या हाताने हँडल फिरवलं. मशीनने काम चोख केलं.

७ ऑक्टोबर
(डाव्या हाताने.) सात टाके. तर्जनीचं टोक गेलं. डॉक्टरांना सांगितलं, किरकोळ ओरखडा आहे. घरी येऊन मशीन गॅलरीतून फेकलं. खाली कोणी नाही हे नीट बघून. शेजाऱ्यांची स्कूटर तेवढी दिसली नाही.

९ ऑक्टोबर
बाटल्या वेळेत गेल्या. दोघींनी सगळी सफरचंदं हाताने सोलली, मेहुण्याने झाकणं लावली. मी खोलीबाहेर यायचं नाही, असं ठरलं होतं. विश्रांती हवीच होती.

संध्याकाळी ही आत आली. बोटं काळी पडलेली, जागोजागी चिरलेली. माझ्या बँडेजकडे बघून म्हणाली, "दुखतंय?"

हँडल उजवीकडे असतं तर काय झालं असतं, ते सविस्तर सांगणार होतो.

"हो," म्हणालो.

ही पलंगाच्या कडेला बसली. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"माझीपण," म्हणाली.